धर्मोपदेशकाची पलटण

१२ एप्रिल १८६१ रोजी साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन बंदरात सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा धडाडल्या आणि अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले. त्या दिवशी संघराज्याच्या सरकारकडे खडे सैन्य होते अवघे सोळा हजारांच्या आसपास, आणि त्यातले बरेचसे पश्चिमेच्या सरहद्दीवरील लहानलहान ठाण्यांत विखुरलेले. तीन दिवसांनी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी तीन महिन्यांच्या बोलीवर ७५ हजार माणसे मागितली. हे प्रकरण तीन महिन्यांत मिटणारे नाही हे लवकरच कळून चुकले आणि जुलैमध्ये काँग्रेसने पाच लाख स्वयंसेवक तीन वर्षांसाठी भरती करण्यास मंजुरी दिली. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या बाजूने वीस लाखांहून अधिक माणसांनी गणवेश चढवला होता.

एवढ्या सैन्याला अधिकारी आणायचे कुठून? वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून शिकून बाहेर पडलेले अधिकारी थोडे, आणि त्यांतलेही कितीतरी दक्षिणेला जाऊन मिळालेले. तेव्हा वकील, शाळामास्तर, दुकानदार, वर्तमानपत्रांचे संपादक आणि धर्मोपदेशक असे लोक रातोरात कॅप्टन आणि कर्नल झाले. ही सगळी माणसे ‘स्वयंसेवक अधिकारी’ म्हणून ओळखली गेली. या युद्धाचा खरा भार त्यांनीच वाहिला. त्यांच्यातल्या एकाची हकीकत या प्रकरणात सांगायची आहे. तो मोठा सेनापती नव्हता आणि त्याने कोणतीही मोठी लढाई जिंकली नाही. पण माणसाने माणसाला हुकूम द्यायचा तो कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न त्याच्याइतक्या तीव्रतेने फार थोड्या अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला.

शेजाऱ्यांचा कॅप्टन

स्वयंसेवकांची पलटण राज्याच्या नावाने उभी राही. साधारण शंभर माणसांची एक कंपनी आणि अशा दहा कंपन्यांची एक पलटण. कर्नलची नेमणूक राज्याचा गव्हर्नर करी. कंपनीचे कॅप्टन आणि लेफ्टनंट मात्र पुष्कळदा शिपाईच मतदानाने निवडत. एका कंपनीतली माणसे बहुधा एकाच गावची किंवा एकाच तालुक्यातली असत. त्यामुळे कालपर्यंत ज्याच्या दुकानातून उधारीवर सामान आणले, त्याच्या हुकमाने आज रांगेत उभे राहायचे, असा प्रसंग शिपायांवर येई. कॅप्टनची अडचण त्याहून मोठी असे. लढाईत त्याच्या चुकीने एखादा पोरगा मेला, तर युद्ध संपल्यावर त्या पोराच्या आईला त्याच गल्लीत रोज तोंड दाखवायचे होते.

या अधिकाऱ्यांना कवायत येत नसे. ते रात्री मेणबत्तीच्या उजेडात कवायतीचे पुस्तक वाचत आणि सकाळी तेच शिपायांना शिकवत. सगळ्यांत जास्त वापरले जाणारे पुस्तक विल्यम हार्डी या अधिकाऱ्याचे होते. तो स्वतः दक्षिणेच्या सैन्यात गेला होता, पण दोन्ही बाजूंचे नवशिके अधिकारी त्याच्याच पुस्तकावरून ‘डावीकडे वळा’ शिकत होते. १८६१च्या उन्हाळ्यात उत्तरेच्या पहिल्या मोठ्या पराभवानंतर संघराज्याच्या सरकारने परीक्षा मंडळे नेमली आणि अगदीच नालायक ठरलेल्या अधिकाऱ्यांना घरी जावे लागले.

पायदळाच्या कर्नलला महिन्याला २१२ डॉलर, कॅप्टनला ११५ डॉलर ५० सेंट आणि साध्या शिपायाला १३ डॉलर मिळत. अधिकाऱ्याला गणवेश, तलवार आणि जेवण यांचा खर्च स्वतःच्या पदरचा करावा लागे. त्याचा दिवस लढाईत कमी आणि कागदपत्रांत जास्त जाई. हजेरीपट, सकाळचा अहवाल, बुटांची मागणी, आजाऱ्यांची यादी यांतून त्याची सुटका नव्हती. या युद्धात मेलेल्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश माणसे गोळीने नव्हे, तर हगवण, विषमज्वर, हिवताप अशा रोगांनी मेली. त्यामुळे छावणीतले संडास कुठे खणायचे आणि पिण्याचे पाणी कुठून आणायचे, हे ठरवणारा अधिकारी तलवारबाजी जाणणाऱ्यापेक्षा अधिक जीव वाचवी.

दरवाजावर ओंडका

थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांचा जन्म २२ डिसेंबर १८२३ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा. तेराव्या वर्षी ते हार्वर्डमध्ये दाखल झाले आणि पुढे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक बनले. न्यूबरीपोर्टच्या चर्चमध्ये ते गुलामगिरीविरुद्ध इतके स्पष्ट बोलू लागले की दोन वर्षांतच त्यांना ती जागा सोडावी लागली. स्त्रियांच्या हक्कांसाठीही ते तितक्याच निष्ठेने लढले. ल्युसी स्टोन आणि हेन्री ब्लॅकवेल यांनी १८५५ मध्ये विवाहाच्या अन्याय्य कायद्यांचा निषेध करणारे निवेदन वाचून लग्न केले. ते लग्न लावले हिगिन्सन यांनी, आणि ते निवेदन प्रसिद्धीलाही दिले त्यांनीच.

पण हा नुसता बोलणारा माणूस नव्हता. मे १८५४ मध्ये अँथनी बर्न्स नावाच्या पळून आलेल्या गुलामाला बोस्टनच्या न्यायालयात डांबून ठेवले होते. त्याला परत मालकाच्या हवाली करायचे होते. हिगिन्सन यांनी गोऱ्या आणि काळ्या साथीदारांसह एक ओंडका घेऊन न्यायालयाचा दरवाजा फोडला आणि आत शिरणाऱ्या पहिल्या माणसांत ते होते. झटापटीत एक रक्षक मारला गेला, हिगिन्सन यांच्या हनुवटीवर वार बसला आणि बर्न्सची सुटका काही झाली नाही. सैन्याच्या कडेकोट पहाऱ्यात त्याला व्हर्जिनियात परत नेले गेले.

पाच वर्षांनी जॉन ब्राउन याने गुलामांचा उठाव घडवण्यासाठी हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला. त्याला गुपचूप पैसा पुरवणाऱ्या सहा जणांत हिगिन्सन होते. ब्राउन पकडला गेला आणि २ डिसेंबर १८५९ रोजी फाशी गेला. त्या सहांपैकी काही जण कॅनडात निघून गेले, एकाला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. हिगिन्सन मात्र वूस्टरमधल्या आपल्या घरीच राहिले. त्यांनी काही नाकारले नाही आणि पळही काढला नाही.

मग युद्ध सुरू होताच हा माणूस सैन्यात का गेला नाही? कारण सरकार ‘संघराज्य वाचवायचे आहे’ एवढेच म्हणत होते आणि गुलामगिरीबद्दल तोंड उघडायला तयार नव्हते. घरी पत्नी दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेली होती, हेही एक कारण. १८६२ मध्ये वारे बदलू लागले, तेव्हा हिगिन्सन यांनी स्वतः माणसे जमवली आणि ते मॅसॅच्युसेट्सच्या ५१व्या पलटणीत कॅप्टन झाले. नोव्हेंबरमध्ये छावणीत जेवायला बसले असताना त्यांच्या हाती एक पत्र आले. ब्रिगेडिअर जनरल रूफस सॅक्स्टन यांनी त्यांना दक्षिणेतल्या एका नव्या पलटणीचे कर्नलपद देऊ केले होते. त्या पलटणीचे नाव होते फर्स्ट साउथ कॅरोलिना व्हॉलंटिअर्स आणि तिचे सगळे शिपाई होते कालपरवापर्यंतचे गुलाम.

लाल विजारी

हे शिपाई आले कुठून, ते पाहायला हवे. ७ नोव्हेंबर १८६१ रोजी उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी आणि तिच्याभोवतीची बेटे जिंकली. साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरची ही बेटे लांब धाग्याच्या उंची कापसासाठी जगभर प्रसिद्ध होती. मळ्यांचे मालक घरेदारे टाकून पळाले आणि सुमारे दहा हजार गुलाम मागे राहिले. त्यांना कायद्याने ना गुलाम म्हणता येत होते ना स्वतंत्र. १८६२च्या मे महिन्यात जनरल डेव्हिड हंटर यांनी वॉशिंग्टनची परवानगी न घेताच त्यांतल्या तरुणांची पलटण उभारली, पण भरती करताना जबरदस्ती केली. घरातून, शेतातून माणसे ओढून आणली. मालक गेला आणि दुसरा मालक आला, असेच त्या लोकांना वाटले असणार. त्यांना पगारही मिळाला नाही. ऑगस्टमध्ये ती पलटण मोडली, पण कॅप्टन ट्रोब्रिज यांची एक कंपनी तेवढी टिकून राहिली. त्याच ऑगस्टमध्ये युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी सॅक्स्टन यांना कृष्णवर्णीय स्वयंसेवक भरती करण्याचा रीतसर अधिकार दिला. इतर शिपायांइतकाच पगार आणि तेवढाच शिधा देण्याचे त्यात लेखी आश्वासन होते. या आश्वासनाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

हिगिन्सन यांनी लगेच होकार दिला नाही. ही पलटण नुसती मळ्यांवर पहारा देणारी असेल, तर त्यांना तिच्यात रस नव्हता. रजा घेऊन ते स्वतः ब्यूफोर्टजवळच्या छावणीत आले, सगळे डोळ्यांनी पाहिले आणि मग पद स्वीकारले. तेव्हा त्यांचे वय ३८ होते.

छावणीत पाऊल टाकताच त्यांना दिसल्या त्या शिपायांच्या भडक लाल विजारी. कुणीतरी हौसेने दिलेला तो पोशाख शिपायांना मुळीच आवडत नव्हता. इतर शिपाई निळ्या विजारी घालतात, मग आम्हीच वेगळे का, हा त्यांचा प्रश्न होता. त्या विजारी गेल्या आणि निळ्या आल्या. गोष्ट छोटी, पण हिगिन्सन यांना पहिला धडा त्यातून मिळाला. या माणसांना दयाबुद्धी नको होती, त्यांना बरोबरी हवी होती.

दुसरा धडा शिस्तीचा होता. जन्मभर चाबकाच्या धाकाने हुकूम पाळलेल्या माणसाला पुन्हा हुकूम पाळायला लावायचे, पण आता स्वतंत्र माणूस म्हणून. हे कसे साधायचे? हिगिन्सन यांनी मळ्याची आठवण करून देईल अशी प्रत्येक गोष्ट टाळायचे ठरवले. अपमानास्पद शिक्षा नको, शिवीगाळ नको. सलाम करायला शिकवताना ते सांगत की हा मालकापुढचा नमस्कार नव्हे, अधिकारीही शिपायाला उलट सलाम देतोच. सार्जंट आणि कॉर्पोरल यांचा अधिकार सगळ्यांनी मानलाच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. आपल्यासारख्याच काळ्या माणसाचा हुकूम पाळणे शिपायांना सुरुवातीला जड जाई. मळ्यावर हुकूम द्यायचा तो गोऱ्यानेच, हेच तर त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

ही शिस्त किती मुरली, त्याचा अनुभव एका रात्री खुद्द कर्नललाच आला. त्यांनी सांगितलेला परवलीचा शब्द चुकीचा ठरला. पहारेकऱ्याने त्यांना अडवले. हिगिन्सन यांनी समजावून पाहिले, धमकावले, तंबाखू देऊ केली, पण पहारेकरी जागचा हलला नाही. कालपरवापर्यंत गोऱ्या माणसापुढे मान वर करण्याची ज्याला मुभा नव्हती, तो आता कर्नलला थोपवून धरत होता. हिगिन्सन यांना याचा मनापासून अभिमान वाटला.

संध्याकाळी तंबूंपुढे शेकोट्या पेटत. शिपाई गोल करून टाळ्यांच्या ठेक्यावर भक्तिगीते गात आणि हा हार्वर्डचा पदवीधर अंधारात उभा राहून, हात खिशात घालून, आतल्या आत ती गीते टिपून घेई. १८६७ मध्ये त्यांनी ही गीते ‘अटलांटिक मंथली’ मासिकात प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांच्या सुरुवातीच्या संग्रहांत त्याचे स्थान मोठे आहे. शेकोटीच्या उजेडात आणखी एक गोष्ट चाले. शिपाई बाराखडीची पुस्तके घेऊन बसत. दक्षिणेत गुलामाला वाचायला शिकवणे बहुतेक राज्यांत गुन्हा होता, त्यामुळे त्यांना अक्षरांची भूक होती. त्यांना शिकवणाऱ्यांत सूझी किंग ही चौदा-पंधरा वर्षांची मुलगी होती. ती स्वतः गुलामगिरीतून सुटून आलेली आणि लहानपणी चोरून शिकलेली. तिने पलटणीचे कपडे धुतले, आजाऱ्यांची सेवा केली आणि शिपायांना लिहायला-वाचायला शिकवले. चार वर्षांच्या या कामाबद्दल सरकारने तिला एक डॉलरही दिला नाही. १९०२ मध्ये सूझी किंग टेलर या नावाने तिने आपल्या आठवणी छापल्या, म्हणून या पलटणीचे जीवन आपल्याला कर्नलच्या आणि तिच्या अशा दोन्ही नजरांनी पाहता येते.

१ जानेवारी १८६३

लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा ज्या दिवशी अमलात आला, त्या दिवशी छावणीजवळच्या ओक वृक्षांच्या राईत हजारो लोक जमले. बैल भाजले जात होते, गूळपाण्याची पिंपे भरली होती. जाहीरनामा वाचला तो डॉ. विल्यम ब्रिस्बेन यांनी. ते याच भागातले मळेवाले होते आणि त्यांनी आपले गुलाम फार पूर्वीच मुक्त केले होते. मग पलटणीला निशाण देण्याचा कार्यक्रम झाला. हिगिन्सन निशाण हाती घेऊन बोलायला उभे राहणार, एवढ्यात कार्यक्रमात नसलेली एक गोष्ट घडली. गर्दीतून एका म्हाताऱ्या काळ्या माणसाचा चिरका आवाज उठला, त्यात दोन स्त्रियांचे आवाज मिसळले. ते देशाचे गीत गात होते. व्यासपीठावरचे गोरे पाहुणे साथ देऊ लागले, तेव्हा हिगिन्सन यांनी त्यांना खूण करून थांबवले. हा देश आपला आहे असे म्हणण्याची त्या माणसांची ही पहिली वेळ होती आणि ती फक्त त्यांची होती.

मग त्यांनी ते निशाण सार्जंट प्रिन्स रिव्हर्स आणि कॉर्पोरल रॉबर्ट सटन यांच्या हाती दिले. दोघेही त्या दिवशी बोलले. रिव्हर्स गुलाम असताना गाडीवान होता. सटन याला लिहिता-वाचता येत नव्हते, पण त्याच्या बुद्धीबद्दल हिगिन्सन यांना नितांत आदर होता.

सटनचे गाव

त्याच महिन्याच्या अखेरीस पलटणीची पहिली मोहीम निघाली. तीन आगबोटी, साडेचारशेच्या वर माणसे आणि वाट फ्लोरिडा व जॉर्जियाच्या सीमेवरून वाहणाऱ्या सेंट मेरीज नदीची. त्या बोटींपैकी ‘प्लँटर’ ही तीच, जी आठ महिन्यांपूर्वी रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम सुकाणूवाल्याने चार्ल्सटन बंदरातून किल्ल्यांच्या तोफांना चकवून पळवून आणली होती. नदीचे प्रत्येक वळण सटनला पाठ होते. तो तिथेच लाकडाच्या वखारीवर गुलाम होता. रात्रीच्या अंधारात पाइनच्या रानात शत्रूच्या घोडदळाशी गाठ पडली. नवखे शिपाई पळतील अशी पुष्कळांची अटकळ होती, पण एकानेही जागा सोडली नाही. सटनला तीन जखमा झाल्या, त्यांतली एक डोक्याला. डॉक्टरने सक्तीने झोपवेपर्यंत तो कामावरच होता.

नदीच्या वरच्या टोकाला त्याच्या जुन्या मालकिणीचा वाडा लागला. हिगिन्सन यांनी तिच्याशी कॉर्पोरल सटन म्हणून त्याची ओळख करून दिली. तिने मान ताठ केली आणि आम्ही तर याला बॉब म्हणत असू, असे सुनावले. सटन काही बोलला नाही. त्याने कर्नलला जवळच्या एका झोपडीवजा इमारतीकडे नेले. ते गुलामांचे तुरुंगघर होते. आत साखळ्या, पाय अडकवायचे खोडे, आणि ज्यात माणसाला धड उभे राहता येऊ नये, बसता येऊ नये की आडवे होता येऊ नये अशी एक चौकट. हिगिन्सन यांनी किल्ल्या आणि बेड्या बरोबर घेतल्या. वर्षानुवर्षे व्याख्यानांतून त्यांनी ज्या गोष्टीविरुद्ध झुंज दिली, ती आज हाताला लागली होती.

मार्चमध्ये पलटणीने फ्लोरिडातले जॅक्सनव्हिल ताब्यात घेतले, पण वरून हुकूम आल्यामुळे ते महिन्याभरात सोडावे लागले. जुलैमध्ये साउथ एडिस्टो नदीवरच्या मोहिमेत रेल्वेचा पूल उडवण्याचा बेत फसला. मात्र बोटी दिसताच भातखाचरांतून बायका-पोरे, डोक्यावर गाठोडी घेतलेले म्हातारे असे सुमारे दोनशे गुलाम धावत किनाऱ्यावर आले आणि स्वतंत्र होऊनच परतले. त्या दिवशी तोफगोळ्याचा मार हिगिन्सन यांच्या बरगडीला बसला. कातडी फुटली नाही, पण प्रकृती कायमची ढासळली. त्यात हिवतापाची भर पडली. १८६४ मध्ये त्यांना सैन्य सोडावे लागले.

या सगळ्या काळात पलटणीच्या डोक्यावर आणखी एक तलवार टांगती होती. पकडलेला कृष्णवर्णीय शिपाई हा युद्धकैदी नसून पळालेला गुलाम आहे आणि त्याचा गोरा अधिकारी बंड चिथावणारा गुन्हेगार आहे, असे दक्षिणेच्या सरकारने जाहीर केले होते. त्या गुन्ह्याची शिक्षा मृत्युदंड होती. म्हणजे या पलटणीत शिपाई आणि कर्नल यांना शत्रूने एकाच पंक्तीला बसवले होते. छावणीतल्या शिपायांचा कर्नलवर विश्वास बसण्यामागे हेही एक कारण असणार.

सात डॉलर

हिगिन्सन यांची सर्वांत कठीण लढाई मात्र आपल्याच सरकारशी झाली. भरतीच्या वेळी १३ डॉलरचे लेखी वचन होते. पण १८६२च्या मिलिशिया कायद्यात कृष्णवर्णीयांना १० डॉलर पगार ठरला होता आणि त्यातून कपड्यांचे ३ डॉलर कापायचे होते. १८६३ मध्ये पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याने याच कायद्यावर बोट ठेवले आणि शिपायाच्या हातात सात डॉलर पडू लागले. गोऱ्या शिपायाला तेरा आणि कपड्यांचा भत्ता वेगळा.

घरी बायकामुले उपाशी असताना यांतल्या कित्येक शिपायांनी ते सात डॉलर घ्यायचे नाकारले. फुकट लढू, पण कमी पैशांत लढणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. हे नुसते हट्टाचे बोलणे नव्हते. आयुष्यभर त्यांच्या श्रमाची किंमत दुसऱ्याने ठरवली होती, आणि सात डॉलर स्वीकारणे म्हणजे ती जुनी व्यवस्था पुन्हा मान्य करणे होते. शेजारच्या थर्ड साउथ कॅरोलिना पलटणीत सार्जंट विल्यम वॉकर याने आपल्या कंपनीसह कर्नलच्या तंबूपुढे शस्त्रे खाली ठेवली. सरकारने करार मोडला, मग आम्हीही मोकळे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्यावर बंडाचा आरोप ठेवून फेब्रुवारी १८६४ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. करार मोडणाऱ्याला शिक्षा झाली नाही, तो मोडल्याचे सांगणाऱ्याला झाली.

हिगिन्सन यांच्या हाती शस्त्र होते ते लेखणीचे. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांना आणि काँग्रेसच्या सदस्यांना त्यांनी पत्रांवर पत्रे लिहिली. सरकारने आपल्याच सहीचा मान राखावा, एवढीच त्यांची मागणी होती. जून १८६४ मध्ये कायदा बदलला, पण त्यात एक मेख मारून ठेवली होती. युद्धाच्या आरंभी, म्हणजे १९ एप्रिल १८६१ रोजी, जे स्वतंत्र होते, त्यांनाच भरतीच्या दिवसापासूनचा पूर्ण पगार मिळणार होता. बाकीच्यांना १ जानेवारी १८६४ पासूनचा. याचा अर्थ सगळ्यांच्या आधी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांचीच थकबाकी बुडाली, कारण त्या तारखेला ते गुलाम होते. सैन्य सोडल्यावरही हिगिन्सन लिहीत राहिले. अखेर ३ मार्च १८६५ रोजी काँग्रेसने वचन मिळालेल्या पलटणींना भरतीच्या दिवसापासूनची सारी बाकी देण्याचा कायदा केला. तोवर पुष्कळ शिपाई मेलेले होते.

युद्धानंतर

१८६४ पासून ही पलटण ‘३३वी युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली होती. लेफ्टनंट कर्नल ट्रोब्रिज यांच्या हाताखाली ती अखेरपर्यंत टिकली आणि फेब्रुवारी १८६६ मध्ये तिचे शिपाई कामातून मोकळे झाले. तोपर्यंत उत्तरेच्या सैन्यात सुमारे एक लाख ७९ हजार कृष्णवर्णीय शिपायांनी सेवा केली होती. म्हणजे जवळजवळ दर दहा शिपायांमागे एक.

हिगिन्सन यांचे ‘आर्मी लाइफ इन अ ब्लॅक रेजिमेंट’ हे पुस्तक १८७० मध्ये आले. मराठी वाचकांना यात एक जवळचा धागा सापडेल. तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थ झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा होती. ज्या माणसांचा जोतीरावांनी गौरव केला, त्यांत हिगिन्सन यांचे स्थान निश्चित आहे. त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद पडून मुंबईच्या कापूसबाजारात पैशाचा पूर आला होता. मुंबईच्या सट्टेबाजांना त्या युद्धातून पैसा दिसला, तर फुल्यांना माणूस दिसला.

तरीही हिगिन्सन यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. त्यांच्या पुस्तकात शिपायांचे वर्णन वारंवार लहान मुलांसारखे येते. त्यांच्या प्रेमात त्या काळच्या गोऱ्या माणसाचा वडीलकीचा सूर होता. १८७८ मध्ये ते पुन्हा दक्षिणेत गेले आणि तिथले चित्र समाधानकारक असल्याचे त्यांनी लिहिले. प्रत्यक्षात संघराज्याचे सैन्य आदल्या वर्षीच मागे घेतले गेले होते आणि कृष्णवर्णीयांचे मतदानाचे हक्क एकेक करून हिरावले जात होते. ज्या नजरेने सात डॉलरमागचा अन्याय ओळखला, त्या नजरेला तो या वेळी दिसला नाही.

तो अन्याय प्रिन्स रिव्हर्सला भोगावा लागला. निशाण धरणारा हा सार्जंट १८६८ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या घटना परिषदेत बसला, विधिमंडळात निवडून गेला, हॅम्बर्ग गावी न्यायाधीश झाला. जुलै १८७६ मध्ये गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने त्याच गावात कृष्णवर्णीय मिलिशियाच्या माणसांना वेचून ठार केले. पुढे रिव्हर्सच्या हातून सारी पदे गेली आणि तो पुन्हा गाडीवान झाला.

हिगिन्सन ९ मे १९११ रोजी वारले. अमेरिकेत त्यांचे नाव आज बहुतेकांना एमिली डिकिन्सन या कवयित्रीमुळे ठाऊक आहे. १८६२ पासून ती त्यांना पत्रे लिहीत होती आणि तिच्या मृत्यूनंतर १८९० मध्ये तिच्या कवितांचे पहिले पुस्तक मेबल लुमिस टॉड यांच्याबरोबर त्यांनी संपादित केले. पण त्यांच्या आयुष्याचे खरे मोल छावणीतल्या दीड वर्षात आहे. स्वयंसेवक अधिकाऱ्याची परीक्षा रणांगणावर होते असे आपण मानतो. या पलटणीची कहाणी सांगते की ती महिनाअखेरीला, पगाराच्या टेबलापाशी होते. आपल्या माणसांना मरायला पुढे नेणारे अधिकारी त्या युद्धात हजारोंनी होते. त्यांचा हक्काचा पैसा मिळावा म्हणून आपल्याच सरकारशी अखेरपर्यंत भांडणारे फार थोडे. म्हणून कोणत्याही युद्धाचा इतिहास वाचताना लढायांच्या नकाशांबरोबर शिपायांचे पगारपत्रकही वाचावे. कोणाला बरोबरीचा नागरिक मानले गेले आणि कोणाला नाही, ते तिथे आकड्यांत लिहिलेले असते.